मणिकर्णिकेपासून दालमंडीपर्यंत, जन्मभराच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या शोधात

काशीच्या मणिकर्णिका घाटावर उतरणाऱ्या माणसाला आधी दिसतात ते लाकडाचे ढीग. पायऱ्यांवर, गल्लीच्या तोंडाशी, काठाला लागलेल्या होड्यांवर, जिकडे पाहावे तिकडे ओंडके रचलेले. मोठ्या काट्यांवर हे लाकूड तोलून दिले जाते. खाली चिता जळत असतात, भर दुपारी आणि अपरात्रीही. डोम समाजाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला इथला अग्नी कधी विझलेलाच नाही, असे सांगतात. अरुंद गल्लीतून 'राम नाम सत्य है'चा घोष जवळ येऊ लागला, की चहाच्या टपरीसमोर उभी असलेली गिऱ्हाईके भिंतीला चिकटतात, तिरडी जाऊ देतात आणि पुन्हा कप तोंडाला लावतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे निष्ठुर वाटते. दोन दिवस राहिले, की वाटेनासे होते.

मराठी माणसाला तर हा घाट परका वाटण्याचे कारणच नाही. अठराव्या शतकात काशीचे जे घाट आणि जी मंदिरे नव्याने उभी राहिली, त्यांतली कितीतरी पेशवे, होळकर आणि शिंदे यांच्या पैशाने. मणिकर्णिकेच्या पायऱ्यांशी अहिल्यादेवी होळकरांचे नाव जोडलेले आहे. विश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८० साली त्यांनीच बांधून घेतले. शेजारचा घाट शिंद्यांचा. बायजाबाई शिंदे यांनी तो १८३०च्या सुमारास बांधला आणि त्याच्या अवजड दगडी बांधकामाखाली काठाची जमीनच खचली. जवळच पाण्यात पाय रोवून तिरपे उभे असलेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे. पर्यटकांचे कॅमेरे बहुधा त्याच्यावरच रोखलेले असतात. काशीत जन्मलेल्या मोरोपंत तांब्यांच्या मुलीचे नावही मणिकर्णिकाच होते. पुढे ती झाशीची राणी झाली.

अलीकडे या परिसराचे रूप झपाट्याने पालटते आहे. विश्वनाथ मंदिरापासून थेट गंगेपर्यंतचा नवा प्रशस्त मार्ग डिसेंबर २०२१मध्ये खुला झाला. मणिकर्णिकेच्या पुनर्विकासाची पायाभरणी २०२३मध्ये झाली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी काशीला जाऊन आलेल्यांना इथल्या काही गल्ल्या आता शोधूनही सापडणार नाहीत.

स्मशानातली मैफल

या घाटाचा आणि गाण्याचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे आणि तो जुना आहे. घाटावर महाश्मशाननाथाचे मंदिर आहे. चैत्र नवरात्रातल्या सप्तमीच्या रात्री शहरातल्या नगरवधू इथे येतात आणि पेटलेल्या चितांच्या उजेडात देवासमोर गातात, नाचतात. सांगतात ते असे, की सोळाव्या शतकात राजा मानसिंगाने मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि उत्सवासाठी गवयांना बोलावले. स्मशानात गायला कुणीही प्रतिष्ठित गवई तयार होईना. तेव्हा नगरवधूंनी निरोप पाठवला, आम्ही येतो. हा जन्म पुन्हा वाट्याला येऊ नये, एवढेच मागणे त्या देवापुढे मागतात म्हणे.

कथा खरी किती आणि रचलेली किती, हा वाद बाजूला ठेवू. रात्र मात्र खरी आहे. फरक पडला आहे तो आवाजात. पूर्वी सारंगी आणि तबल्याच्या साथीने जे चालत असे, ते अलीकडच्या वर्षांत बरेचसे मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांवर, ध्वनिमुद्रित गाण्यांच्या तालावर चालते. स्पीकरच्या भिंती लागतात. ज्या बायकांच्या घराण्यांनी ठुमरी, दादरा, चैती, कजरी जपली, त्यांच्या हजेरीच्या रात्री गळा ऐकू येण्याऐवजी छाती हादरवणारा ठोकाच ऐकू यावा, ही गोष्ट खटकते. त्यात दोष यंत्राचा म्हणावा, की यंत्र निवडणाऱ्याचा?

हा प्रश्न वाटतो तितका स्मशानापुरता नाही. मुंबई-पुण्याच्या, नागपूर-कोल्हापूरच्या कितीतरी घरांत आज एक गृहस्थ असे सापडतील, की ज्यांच्या कपाटात एल.पी. तबकड्यांचा गठ्ठा आहे, कॅसेटचे खोके आहे, निवृत्तीला थोडे दिवस उरले आहेत आणि मनात एकच इच्छा आहे: आता शेवटचा म्हणून एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा, जो आपल्याला जन्मभर पुरेल. एके काळी घरात वस्तू यायची ती याच बोलीवर. तांब्याचा बंब, शिवणयंत्र, छताचा पंखा, मर्फीचा रेडिओ. आज पाच वर्षे झाली, की दुकानदारच म्हणतो, 'साहेब, हा पार्ट आता येत नाही, नवीन घ्या.' घरचे म्हणतात, हातातल्या फोनवर सगळी गाणी असताना हे लोखंडाचे धूड हवे कशाला? या प्रश्नाचे उत्तर काशीत, घाटापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर सापडण्याजोगे आहे.

दालमंडीची वाट

मणिकर्णिकेकडे पाठ करून वर चढायचे. लाकडाच्या वखारी मागे पडतात, मग कचौडी गल्ली लागते. तुपाचा आणि तेलाचा वास, पूजासाहित्याची दुकाने, मधेच ठाण मांडून बसलेला बैल. गल्लीगल्लीतून माणूस चौकात येतो. इथे पोलीस ठाणे आहे आणि इथूनच नई सडकेकडे जाणारा सुमारे साडेसहाशे मीटरचा रस्ता म्हणजे दालमंडी.

नावावरून डाळींचा बाजार वाटतो. पण एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात दालमंडी ओळखली जाई ती तवायफांच्या कोठ्यांसाठी. खाली दुकाने आणि वर दिवाणखाने. नर्गिसच्या आई जद्दनबाई यांचेही नाव या वस्तीशी जोडले जाते. पुढे संस्थाने गेली, जमीनदारी गेली, समाजाची नजर बदलली आणि कोठे बंद पडत गेले. वरच्या मजल्यांवर गोदामे झाली. आणि खालच्या दुकानांतून काय विकले जाऊ लागले? इलेक्ट्रॉनिक माल! मोबाइलचे सुटे भाग, रेडिओ, स्पीकर, वायरी, दिवे. त्यांच्या जोडीला कपडे, बांगड्या आणि लग्नाचे सामान. जिथे आवाज विनायंत्र ऐकू येत होता तिथेच आवाजाची यंत्रे विक्रीला आली, हा योगायोग गमतीचा म्हणायचा की दुःखाचा, ते ज्याचे त्याने ठरवावे.

या वाटेचा सगळ्यात मोठा श्रोता म्हणजे बिस्मिल्ला खाँ. १९१६ साली बिहारातल्या डुमराव इथे जन्मलेला हा मुलगा लहानपणी मामाकडे काशीला आला. त्यांचे घर दालमंडीच्या लगत, हडहा सराय भागात. रियाजासाठी जायचे ते पंचगंगा घाटाकडच्या बालाजी मंदिरात. जाण्याच्या वाटा अनेक होत्या, पण त्यांची आवडती वाट एकच, रसूलनबाई आणि बतूलनबाई या दोघी बहिणींच्या घरावरून जाणारी. वरून कधी ठुमरी, कधी टप्पा, कधी दादरा कानी पडे. संगीताची गोडी आपल्याला या दोघींच्या गाण्याने लागली, असे खाँसाहेब मोठेपणी मोकळेपणाने सांगत. यतींद्र मिश्र यांनी हा प्रसंग हिंदीत लिहिला आणि तो शाळेच्या पाठ्यपुस्तकातही गेला. ना मायक्रोफोन, ना अ‍ॅम्प्लिफायर. गल्लीतून जाणाऱ्या मुलाला खिडकीतून आलेला आवाज पुरला.

त्याच कुटुंबातली २०१६ची हकीकत अगदी वेगळी आहे. डिसेंबर महिन्यात खाँसाहेबांच्या ठेवणीतल्या सनया चोरीला गेल्या. बहुतेक चांदीच्या, मान्यवरांनी त्यांना भेट दिलेल्या. पुढच्याच महिन्यात तपास लागला, पण पोलिसांच्या हाती आली ती मुख्यतः वितळवलेली चांदी. चोरणाऱ्यांच्या लेखी त्या वस्तूची किंमत धातूच्या भावाइतकीच होती. जन्मभराची वस्तू घेताना हा प्रसंग आठवावा. चकचकीत दर्शनी पट्टी, सोनेरी बटणे, महागड्या लाकडाची चौकट यांना लोक भुलतात आणि जास्तीचे पैसे बहुधा त्यांच्यापायीच जातात. आवाजाला त्यांचा काडीचा उपयोग नसतो.

कर्ण्यापुढे ओरडणे संपले तेव्हा

अ‍ॅम्प्लिफायरने गाण्याचे काय केले, हे कळायला शंभर वर्षे मागे जावे लागेल. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले. तिचे बालपण काशीत गेले होते. तेव्हा वीज या कामात नव्हतीच. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचे, त्या हवेच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढणार. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. नाजूक हरकती, कुजबुजल्यासारखा ठुमरीचा बोल, सुस्कारा, यातले फारसे काही त्या रेघेत उतरत नसे. खणखणीत गळा असेल तो टिकणार.

१९२५नंतर मायक्रोफोन आणि निर्वात नळ्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर ध्वनिमुद्रणात आले आणि चित्र पालटले. फरक ऐकायचा असेल तर मराठी माणसाला लांब जायला नको. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५च्या सुमाराच्या तबकड्या आणि १९३०च्या दशकाच्या मध्यावरच्या तबकड्या शेजारीशेजारी ठेवून ऐकाव्यात. माणूस तोच. पहिल्यात लांबून आल्यासारखा, नाकात अडकल्यासारखा आवाज. दुसऱ्यात तो हळवा, तारेसारखा लांबत जाणारा स्वर थेट कानाशी. १९३७ साली खाँसाहेब गेले. मायक्रोफोन आणखी दहा वर्षे उशिरा आला असता, तर त्यांचा स्वर आपल्याला ऐकीव गोष्टींतूनच माहीत असता.

म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचे पहिले काम आवाज मोठा करणे हे नव्हेच. बारीक आवाज न बिघडवता जिवंत ठेवणे, हे त्याचे काम. इंग्लंडमध्ये १९३६ साली क्वाड कंपनी स्थापन करणारे पीटर वॉकर यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा ध्यास घेतला: यंत्राने आपल्या पदरचे काही घालू नये आणि असलेले गाळू नये. त्यांच्या १९५०-६०च्या दशकांतल्या यंत्रांना आजही सुटे भाग मिळतात आणि ती आजही वाजतात. घाटावरच्या त्या रात्रीच्या स्पीकरच्या भिंतींचे काम मात्र वेगळेच असते. मंडपातले, देवळातले, सभेतले अ‍ॅम्प्लिफायर बोल लांबवर पोचावा म्हणून बनवलेले असतात. ते त्यांचे काम चोख करतात. घरच्या खोलीत ठुमरी ऐकायला तेच आणले, तर मंडपातच बसल्यासारखे वाटणार.

दुकानात शिरल्यावर

दालमंडी असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की आपल्या गावातली बाजारपेठ, दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो वॉटचा. इथेच बरेचजण फसतात. नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यावर 'हजार वॉट पी.एम.पी.ओ.' असे ठळक छापलेले असे. तो आकडा क्षणभराच्या, बहुतांशी काल्पनिक शक्तीचा. खरा आकडा आर.एम.एस.चा, तोही दोन्ही बाजू एकदम चालू असतानाचा. सर्वसाधारण स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. घरातल्या खोलीत एवढा आवाज झाला, की शेजारी दार वाजवतील. वीस वॉट म्हणजे तेरा डेसिबल जास्त. आणि चाळीस वॉट घेतले तर? फक्त तीनच डेसिबल आणखी, कानाला जेमतेम जाणवतील इतके. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते. १९७८ साली बाजारात आलेला नॅड ३०२० हा छोटासा अ‍ॅम्प्लिफायर अवघ्या वीस वॉटचा होता आणि त्याच्यापेक्षा कितीतरी महागड्या यंत्रांच्या पंक्तीला तो बसला. बारा बाय पंधराच्या खोलीला वीस-तीस प्रामाणिक वॉट पुरून उरतात.

मग पाहायचे काय? वजन पाहायचे. उचलताना हाताला ओढ लागली, की आत ट्रान्सफॉर्मर भरभक्कम आहे असे समजायला हरकत नाही. आजकालचे 'डी' वर्गाचे हलके अ‍ॅम्प्लिफायर चांगले वाजत नाहीत असे नाही. उत्तम वाजतात, विजेचे बिलही कमी येते. पण त्यांची कळ एखाद्या इवल्याशा चिपेत असते. ती गेली आणि पंधरा वर्षांनी तशीच मिळाली नाही, तर सगळा डबा भंगारात. जन्मभराची बोली असेल तर आतले भाग सुटे सुटे, मोठे आणि कुणाही मेकॅनिकला डाग देता येईल असे हवेत. ऐंशीच्या दशकातल्या जपानी रिसीव्हरांच्या मोहात पडणाऱ्यांनीही एक गोष्ट तपासावी. त्यांतल्या अनेकांमध्ये 'एस.टी.के.' नावाची एकत्रित पट्टी बसवलेली असते. मूळ कंपनीने ती बनवणे कधीच थांबवले आणि बाजारात त्याच नावाच्या नकली पट्ट्या सर्रास फिरतात. सुटे ट्रान्झिस्टर असलेला जुना सेट त्यापेक्षा शंभरपट बरा.

अ‍ॅम्प्लिफायर मरतो तो बहुतेक उष्णतेने. आत डब्यासारखे दिसणारे कपॅसिटर असतात, त्यांतला ओलावा हळूहळू सुकतो. त्यांच्यावर ८५ किंवा १०५ अंश असा आकडा छापलेला असतो, त्या तापमानाला ते ठरावीक तास टिकतात. तापमान दहा अंशांनी कमी झाले, की आयुष्य साधारण दुप्पट होते. आता हिशेब करा. दोन हजार तासांचा, ८५ अंशांचा कपॅसिटर आत ६५ अंशांवर राहिला तर आठ हजार तास पुरेल. रोज तीन तास ऐकणाऱ्याच्या घरी सात वर्षे. तोच १०५ अंशांचा असेल तर बत्तीस हजार तास, म्हणजे एकोणतीस वर्षे. किमतीत फरक किती? दर कपॅसिटरमागे काही रुपयांचा. दहा हजार रुपयांचे यंत्र दहा रुपयांच्या काटकसरीपायी सात वर्षांत आवाज टाकते, ते असे. दुकानात 'आत १०५चे कपॅसिटर आहेत का?' एवढे विचारून पाहावे. दुकानदार उत्तर देण्याआधी नीट पाहतो गिऱ्हाइकाकडे.

आणि घरी आणल्यावर? आपल्याकडे रेडिओवर, टीव्हीवर भरतकामाचा रुमाल घालायची जुनी हौस आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणावरच्या फटी हवेसाठी असतात. त्यांच्यावर रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि फुलदाणीत पाणी! जिवावरचा खेळ आहे हा. दुसरा शत्रू पाल. उबेला म्हणून ती मागच्या फटीतून आत शिरते आणि नेमकी दोन तारांच्या मधे पडते. बारीक जाळी लावली तर बिचारी पालही वाचते आणि यंत्रही.

अमेरिकेतल्या मुलाने 'बाबा, माझा सेट घेऊन जा' म्हटले तर आधी मागची पट्टी वाचावी. तिथला सेट १२० व्होल्टचा, जपानातला १०० व्होल्टचा आणि आपली वीज २३० व्होल्टची. सरळ प्लग लावला, की धूर. बऱ्याच चांगल्या यंत्रांत आतली जोडणी बदलून २३० व्होल्ट करता येतात. नाहीतर विजेचा दाब उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा.

व्हॉल्व्हचा सेट घ्यावा का, हा प्रश्न हौशी मंडळींत नेहमी निघतो. व्हॉल्व्हची ऊब, त्याचा तांबूस उजेड, ठुमरीला येणारा गोडवा, हे सगळे खरे. व्हॉल्व्ह झिजतात, पण बदलता येतात. आजही ते रशियात, स्लोव्हाकियात, चीनमध्ये बनतात. मात्र आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि बंद केल्यावरही काही काळ ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. ज्या घरात नातवंडे आहेत आणि गावात जाणकार मेकॅनिक नाही, तिथे तो मोह आवरलेलाच बरा.

ब्लूटूथ, इंटरनेट रेडिओ, अ‍ॅप वगैरे सोयी अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात नकोत. त्यांचे वय पाच-सात वर्षांचे. त्या हव्या असतील तर वेगळा लहानसा डबा घ्यावा आणि मागच्या साध्या भोकाला जोडावा. ती भोके पन्नास वर्षांत बदललेली नाहीत. १९६५च्या सेटला आजचा फोन जोडता येतो. आजच्या 'स्मार्ट' सेटला उद्याचा फोन जोडता येईलच, याची खात्री कोण देणार? तबकड्या असतील तर 'फोनो' लिहिलेली जोडणी आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.

दालमंडी उद्या

दालमंडी आता अरुंद राहणार नाही. विश्वनाथाकडे येणाऱ्या भाविकांसाठी हा रस्ता रुंद करण्याचे काम २०२५मध्ये हाती घेण्यात आले आणि दुतर्फा इमारती पाडायला सुरुवात झाली. जुनी घरे पाडण्याला विरोधही झाला. त्यांतल्या कोणत्या दिवाणखान्यात कोण गात होते, याच्या पाट्या कुणी कधी लावलेल्याच नव्हत्या. त्यामुळे नेमके काय पाडले जाते आहे, हे सांगणेही कठीण.

काशीचे मोठे गळे तर एकेक करून गेलेच. १९७७ साली सिद्धेश्वरी देवी गेल्या. २००६ साली खाँसाहेब गेले. २०१७ साली गिरिजा देवी कोलकात्यात गेल्या, पण त्यांचे अंत्यसंस्कार काशीतच झाले. स्मशानातल्या होळीचे गाणे घराघरांत पोचवणारे छन्नूलाल मिश्र ऑक्टोबर २०२५मध्ये गेले आणि त्यांना याच मणिकर्णिकेवर अग्नी दिला गेला.

काशी पाहायला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. गोदौलिया किंवा मैदागिनपर्यंत वाहन येते, पुढे पायीच. घाटावर चितांचे फोटो काढू नयेत, तिथल्या लोकांना ते खपत नाही आणि खपू नयेच. गरिबांच्या सरणाच्या लाकडासाठी म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांच्या हाती पैसे न दिलेले बरे. मणिकर्णिकेहून चौकात आणि चौकातून दालमंडीत सकाळी दहानंतर जावे, दुकाने तेव्हा उघडतात. एप्रिलच्या सुमारास गेलात तर संकटमोचन मंदिराच्या आवारातल्या रात्रभराच्या मैफली अजिबात चुकवू नयेत.

राहता राहिला प्रश्न, अ‍ॅम्प्लिफायर विकत घेण्याआधी त्याची परीक्षा कशी घ्यावी. दुकानदार नेहमी ढोल-ताशाची किंवा चित्रपटातली दणदणीत तबकडी लावतो. त्यावर कोणतेही यंत्र शूर वाटते. तेव्हा आपले गाणे आपण बरोबर न्यावे. ज्यांच्या खिडकीखालून बिस्मिल्ला खाँ रियाजाला जात, त्या रसूलनबाईंचे.

रसूलनबाईंची भैरवीतली एक ठुमरी प्रसिद्ध आहे. प्रियकराने फेकलेले झेंडूचे फूल काळजाला लागते, असा तिचा आशय. 'करेजवा' हा त्यातला शब्द. पण १९३५ साली ग्रामोफोनसाठी त्यांनी हीच ठुमरी एक शब्द बदलून गायली होती. 'करेजवा'च्या जागी 'जोबनवा'. काळीज नव्हे, तारुण्याचा उघड उल्लेख. त्यानंतर त्यांनी ती तशी पुन्हा कधी गायली नाही. कोठ्यावरून मैफलीत, आकाशवाणीवर, प्रतिष्ठित श्रोत्यांसमोर येताना अशा शब्दांना वाटेतच सोडून द्यावे लागले. लोक तो शब्द विसरले. बाईंची अखेरची वर्षे हलाखीची गेली आणि १९७४ साली त्या वारल्या. सत्तरहून अधिक वर्षांनी सबा दिवाण यांनी त्या विसरलेल्या ठुमरीचा माग काढत काशी, लखनौ, मुझफ्फरपूर पालथे घातले आणि २००९ साली 'द अदर साँग' हा माहितीपट पुरा केला. लोकांनी विसरलेला तो शब्द राहिला होता तबकडीच्या रेघेत.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत खरखर पुष्कळ असते. वाईट अ‍ॅम्प्लिफायर खरखरच मोठी करतो आणि तिच्यात शब्द बुडवतो. भपकेबाज अ‍ॅम्प्लिफायर खालचा आवाज फुगवून गळा मागे ढकलतो. चांगल्या यंत्रावर खरखर एका बाजूला पडते आणि बाई तिच्या पुढे येऊन बसतात. बटण घड्याळातल्या नऊच्या काट्याजवळ ठेवावे, पंखा बंद करायला सांगावा, दुकानातल्या मुलाला जरा गप्प राहायला सांगावे आणि रसूलनबाईंनी 'करेजवा' म्हटले की 'जोबनवा', ते तेवढ्या हळू आवाजात स्वच्छ कळते का, ते ऐकावे.